भाला कुठून आणलात, सर?

पाम, ता. पालघर

सर,

तुमचे नाव या पत्रात लिहीत नाही, शाळेचेही लिहीत नाही. भीड पडते म्हणून नव्हे. पालघरपासून डहाणूपर्यंत आणि तिकडे पुण्या-नागपूरपर्यंत तुम्ही इतक्या शाळांमधून आहात की एकाचे नाव घेतले तर बाकीचे सगळे सुटतील. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग आले की कोळीगीत, लावणी, देशभक्तीचे गाणे आणि मग 'आदिवासी नृत्य' असा क्रम तुम्ही लावता. पहिल्या तिन्हींसाठी तुम्ही चौकशी करता. कोळणीचे लुगडे कसे नेसायचे, हे सातपाटीच्या एखाद्या बाईला बोलावून विचारता. लावणीच्या नऊवारीची निरी चुकली तर पालक बोलतील, याची तुम्हाला धास्ती असते. आमच्या नाचासाठी मात्र तुम्ही कुणालाही काही विचारत नाही. ते सगळे तुमच्या डोक्यात आधीच तयार असते.

त्या डोक्यात काय आहे ते यंदा मी समोर बसून पाहिले. मुलांच्या अंगाला काळा रंग, कमरेला पानांचे घागरे, केसांत पिसे, गळ्यात प्लास्टिकची हाडे, हातात भाले. मधोमध लाल कागदाचा जाळ, खांबाला बांधलेला एक 'शहरी पाहुणा', आणि त्याच्याभोवती 'झिंगालाला' ओरडत मारलेल्या उड्या. लोक पोट धरून हसले. निवेदन करणाऱ्या बाईंनी माइकवर सांगितले की ही आपल्या पालघर जिल्ह्याची आदिवासी संस्कृती आहे.

मी विक्रमगडकडचा वारली आहे. शिक्षकाची नोकरी करून निवृत्त झालो, आता इकडे राहतो. तुमच्या नाचातल्या एकाही वस्तूचा पत्ता मला या जिल्ह्यात लागलेला नाही, म्हणून विचारतो. भाला कुठून आणलात? आमच्या घरात कोयता असतो, कुऱ्हाड असते, मासे धरायचे बांबूचे सापळे असतात, तीरकमठाही होता. भाला घेऊन नाचणारा वारली मी पाहिला नाही, माझ्या बापाने पाहिला नाही. पानांचे आम्ही इरले करतो, पत्रावळी करतो. पाने नेसत नाही. आमच्या म्हाताऱ्या बाया गुडघ्यापर्यंत घट्ट लुगडे नेसत, कारण चिखलात वाकून भात लावायचे असते आणि डोंगर चढायचा असतो. काळा रंग कशासाठी लावलात, ते तर विचारायलाही जीभ जड होते. माणसाच्या कातडीचा रंग हा तुम्हाला पोशाख वाटतो का?

आणि तो खांब. खांबाला बांधलेल्या माणसाबद्दल मला तुमच्याशी सविस्तर बोलायचे आहे.

या सह्याद्रीत माणसे खाणारी जमात होती, असे तुम्ही कोणत्या पुस्तकात वाचलेत? तसे पुस्तक नाही. पण माणसाला खांबाला बांधल्याची नोंद मात्र आहे, आणि ती सरकारी आहे. १९३७ नंतर मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याला डोंगरी जमातींची स्थिती पाहण्यासाठी नेमले होते. ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आपल्याच या पट्ट्यातल्या जमीनदारांबद्दल त्याने लिहून ठेवले आहे की वेठीच्या कामाला कुणी नकार दिला किंवा यायला उशीर केला तर मारहाण होई, खांबाला बांधून फटके मारले जात. बांधलेला माणूस वारली होता. बांधणारे शिकलेले, धुतलेल्या कपड्यांतले, गावात मान असलेले लोक होते. तुम्ही तोच खांब उचललात, त्यावरचा माणूस बदललात, आणि मारणाऱ्याच्या जागी आमच्या पोरांना उभे केलेत.

लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको पिढीभर जमीनदाराच्या दारात राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. ही वेठ आणि हे लग्नगडीपण संपले पाहिजे म्हणून १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर हजारो वारली उभे राहिले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मेले. गोदावरीबाईंनी हे सगळे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले, त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हे पुस्तक तुमच्या शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटातही असण्याची शक्यता मोठी आहे. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, एवढेच विचारायचे होते.

तुमच्या डोक्यातले हे चित्र पुसण्यासाठी एका माणसाने अख्खे आयुष्य घातले. तुम्ही त्याचे नाव ऐकलेले नसणार, म्हणून सांगतो.

डॉ. गोविंद गारे. जन्म १९३९ सालचा, जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचा. नाणेघाटाच्या बाजूचा तो मुलूख सगळा डोंगरांचा. तिथले महादेव कोळी पावसात भात-नाचणी करतात आणि हंगामात हिरडा गोळा करून विकतात. गारे त्यांच्यातलेच. शिकले, डॉक्टरेट मिळवली, आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले. ही संस्था १९६२ सालची. ज्या लोकांबद्दल तोवर कलेक्टर, मामलेदार, पाद्री आणि प्राध्यापक लिहीत आले होते, त्यांच्यातला एक माणूस त्या लिहिण्याच्या जागेवर जाऊन बसला.

त्या जागेचे महत्त्व तुमच्या ध्यानात यावे म्हणून थोडे मागचे सांगतो. १९४३ साली समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी पुस्तक लिहून आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदू, असे मांडले. वेरियर एल्विन यांचे म्हणणे होते की या लोकांना बाहेरच्या घुसखोरीपासून जपले पाहिजे. दोघेही मोठे विद्वान, दोघांचाही अभ्यास दांडगा. आमच्याच भागाबद्दल के. जे. सावे यांचे वारल्यांवरचे इंग्रजी पुस्तक १९४५ साली निघाले. त्यात आमचे देव, लग्ने, गाणी पुष्कळ तपशिलाने नोंदली आहेत, आणि मी ते आदराने वाचले आहे. पण या सगळ्या चर्चेत आम्ही खोलीबाहेर उभे होतो. आत काय ठरते आहे, ते नंतर कळायचे. गारे यांच्या पिढीने ती खोली उघडली.

त्यांनी काय केले? जमातीमागून जमात घेऊन लिहिले. महाराष्ट्रात चाळीसहून अधिक अनुसूचित जमाती आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, मल्हार कोळी, महादेव कोळी, भिल्ल, गोंड, कोरकू, माडिया. प्रत्येकाची बोली निराळी, देव निराळे, लग्नाची रीत निराळी, घर बांधायची पद्धत निराळी. तुम्ही या सगळ्यांना मिळून काळ्या रंगाचा एक डबा आणि एक घागरा दिलात. गारे यांनी 'महाराष्ट्रातील आदिवासी जमाती' या पुस्तकात प्रत्येकाला स्वतःचे पान दिले. वारल्यांच्या चित्रसंस्कृतीवर लिहिले. महादेव कोळ्यांवर लिहिले. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या आदिवासी वीरांचा इतिहास लिहिला. त्या वीरांपैकी राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण त्याच ठाणे जिल्ह्यात होतो, सर. ठाण्याला कामासाठी तुम्ही कितीदा गेला असाल.

मला त्यांच्या कामातले एक पुस्तक सगळ्यांत मोलाचे वाटते. सत्तरच्या दशकात, जेव्हा आदिवासी म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जंगलच यायचे, तेव्हा गारे यांनी पुणे शहरात पोटासाठी आलेल्या महादेव कोळ्यांचा अभ्यास केला आणि त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. शहरात मजुरी करणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा, गावी पैसे पाठवणारा, सणाला डोंगरात परतणारा आदिवासी. त्यांचे म्हणणे सरळ होते. पँट घातली, बसने प्रवास केला, मराठी बोलला म्हणून माणूस आदिवासी असायचा थांबत नाही, आणि आदिवासी आहे म्हणून त्याला जंगलात उभे करून फोटो काढण्याची गरज नाही. हे आज साधे वाटते. तेव्हा ते मांडणारे थोडेच होते. तुम्ही तर आजही मानत नाही.

कारण तुमच्या त्या नाचाच्या रांगेत एक वारली मुलगी होती. खरी. जव्हारकडून आईबापांबरोबर आलेली. बाप तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे, आई कंपन्यांच्या वसाहतीत धुणीभांडी करते. तुम्ही तिलाही काळा रंग लावलात. तुमच्या दृष्टीने ती पुरेशी आदिवासी दिसत नव्हती. गणवेश, दोन वेण्या, गणितात चांगली, मग ती आदिवासी कशी, असे तुम्हाला वाटले असणार, किंवा वाटलेही नसेल, रांगेत जी आली तिला तुम्ही रंग फासलात. तिचा बाप माझ्या शेजारी बसला होता. इतर पालकांनी मोबाइल वर धरून शूटिंग केले. त्याने केले नाही. कार्यक्रम संपल्यावर तो मला एवढेच म्हणाला, 'गुरुजी, तिचा आजा तारपा वाजवतो. सरांनी विचारलं असतं तर आला असता.'

गारे यांनी ज्यांच्यावर अर्धे आयुष्य लिहिले ते कुटुंब हे, सर. तुमच्या वर्गात बसले आहे, हजेरीपटावर आहे, शिष्यवृत्तीच्या यादीत आहे. फक्त तुमच्या आदिवासी नृत्यात नाही.

आता मागच्या पडद्याकडे वळतो. तुम्ही रंगमंचाच्या मागे मोठा फ्लेक्स लावला होता. गेरूच्या रंगावर पांढऱ्या आकृत्या, गोल फेर धरून नाचणारी माणसे, मधे तारपा वाजवणारा. हे चित्र तुम्ही इंटरनेटवरून घेतले असेल. नीट पाहिलेत का? त्या फेरात कुणाच्या हातात भाला आहे का? बायांच्या केसांचा अंबाडा दिसतो, एकमेकांच्या कमरेत घातलेले हात दिसतात. तुमच्याच पडद्यावर आमचा नाच कसा असतो हे काढलेले होते आणि त्याच्यापुढे तुम्ही ते उलटे नाचवलेत. सगळ्या सभागृहात हे कुणाच्या लक्षात आले नाही, याचे मला तुमच्यापेक्षाही जास्त दुःख आहे.

ते चित्र काढणारे हात कुणाचे, तेही ऐका. वारल्यांच्या लग्नात घराच्या आतल्या कुडाच्या भिंतीवर चौक लिहितात. लिहितात सवाष्ण बाया, तांदळाच्या पिठाने, गेरूवर. मधे पालघट देवी, भोवती झाडे, पक्षी, घोड्यावरचा पंचशिऱ्या देव, नाचणारी माणसे. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि ते लग्न लावते धवलेरी, म्हणजे बाई. तीच गाणी म्हणते, तीच विधी चालवते. आम्हाला रानटी म्हणताना, आमच्यात लग्न लावण्याचा अधिकार बाईला आहे, हे तुम्ही कधी ऐकले होते का? महाराष्ट्रातल्या किती घरांत आज बाई लग्न लावते?

याच भिंतीवरून चित्र कागदावर उतरले ते सत्तरच्या दशकात. भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर फिरले. त्यांनी गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातात कागद दिला. मशे १९३४ सालचे. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणे सोडले होते आणि मातीत रेघा ओढून ते लोकांना सांगत. बायांच्या हातातली कला पुरुषाने रोज उठून करायची हेही नवेच होते. त्या माणसाची चित्रे जगभर गेली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री, आणि २०१८ साली ते गेले. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. आज आमच्या आकृत्या उड्डाणपुलांच्या खांबांवर आहेत, हॉटेलांच्या भिंतींवर आहेत, साड्यांवर, कपांवर, स्वच्छतागृहांच्या दारांवर आहेत. त्यातल्या माणसांना कुणी घरात घेत नाही, त्यांची चित्रे मात्र सगळ्यांना भिंतीवर हवीत.

आणि तारपा. तारपा म्हणजे वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सगळे सांधायला मेण. वाजवणारा श्वास तोडत नाही. गालात हवा धरून नाकाने श्वास घेत तासन् तास वाजवतो. ही विद्या शिकायला वर्षे लागतात. नवे भात तयार झाले की तारपा निघतो आणि रात्र-रात्र फेर चालतो. नाचणारे तारपकऱ्याकडे पाठ करत नाहीत. तो चाल बदलतो तसा फेर बदलतो, फिरतो, बसतो, उठतो. कुठली चाल कशाची, हे नाचणाऱ्या पोरांनाही कळते. जव्हार तालुक्यात वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा नावाचे वयोवृद्ध तारपावादक आहेत. भल्या मोठ्या लांबीचा तारपा ते स्वतः बनवतात आणि वाजवतात. संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला आहे. बोईसरहून जव्हारला बस जाते.

मोखाड्याकडे बोहाडा होतो. देवांचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगे निघतात. एकेका मुखवट्याचा मान एकेका घराण्याकडे, त्याची पूजा झाल्याशिवाय तो तोंडावर चढत नाही. डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेपासून भरते आणि विवळवेढ्याच्या डोंगराच्या सुळक्यावर रात्री ध्वज लावला जातो. तुमच्यातलेही कितीतरी लोक त्या यात्रेला जातात, मिठाई घेऊन येतात. डोंगरावर ध्वज नेणारे कोण, हे येताना गाडीत कुणी विचारले का? आमच्याकडे कणसरी म्हणजे धान्याची देवी, आणि तिची लांबलचक कथा घांगळीच्या साथीवर भगत गातो. नारनदेव पावसाचा, हिरवा देव, हिमाय देवी, वाघोबाला शेंदूर. एका दिवसात सांगून होणार नाही एवढे आहे. तुम्ही त्या सगळ्याचे 'झिंगालाला' केलेत.

राज्य कसे चालवावे हे आम्हाला ठाऊक नव्हते, असा तुमचा समज असेल तर जव्हारला जाऊन राजवाडा पाहा. महादेव कोळ्यांचे मुकणे घराणे तिथे चौदाव्या शतकापासून १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत राज्य करत होते. सहाशे वर्षे. महाराष्ट्रात इतके टिकलेले राज्य शोधून दाखवा.

तुम्ही म्हणाल, मुलांची गंमत होती. मला या एका वाक्याचा सगळ्यांत जास्त राग आहे. त्या सभागृहात बसलेली मुले उद्या तलाठी होणार, बँकेत कर्जाचा कागद तपासणार, भूसंपादनाच्या कचेरीत बसणार, वनहक्काच्या दाव्यावर शेरा मारणार, दवाखान्यात आमच्या बाईला तपासणार. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो हे आदिवासीला सिद्ध करावे लागते. पुरावा म्हणून गावातल्या जाणत्यांचे सांगणेही कायदा मान्य करतो. पण टेबलामागे बसलेल्या माणसाने लहानपणी तुमचा नाच पाहिला असेल, तर समोर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याचे सांगणे त्याला पुरावा वाटेल का? १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले मेली, तेव्हा शहरात लोक बोलायचे की यांच्या आयाच अडाणी, भगताकडे नेतात. रस्ता, डॉक्टर, रोजगार, रेशन यांची चौकशी नंतर. आधी आई. असे बोलण्याची सवय कुठून तरी लागते. मी शाळेत शिकवले आहे. कुठून लागते ते मला माहीत आहे.

आणि या चित्राची दुसरी बाजू तुम्ही ऐकलीच पाहिजे. ज्या जमातींची रंगमंचावर अशी टिंगल होते, त्यांच्या नावाचे खोटे दाखले काढायला मात्र रांग लागते. रंगमंचावर आदिवासी व्हायला काळा रंग, आणि कचेरीत आदिवासी व्हायला खोटा कागद. गारे यांनी या खोट्या आदिवासींविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिले आणि बोलले. त्यांच्यावर टीका झाली, राग ओढवला, पण त्यांनी तो विषय सोडला नाही. १९९४ साली महादेव कोळी असल्याचा एक खोटा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्या निकालातून जमातीच्या दाखल्यांची पडताळणी करणाऱ्या समित्यांची पद्धत ठरली. तुमचे देव कोणते, रीतीरिवाज कोणते, असे समित्या विचारू लागल्या. त्यातून नवाच गुंता झाला. शहरात वाढलेल्या खऱ्या ठाकराच्या पोराला 'तुमचा नाच सांगा' म्हटले, आणि तो सांगू शकला नाही तर तो खोटा ठरण्याची पाळी आली. शेवटी २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी रीतिरिवाजांची परीक्षा ही एकमेव कसोटी धरता येणार नाही, कारण लोक स्थलांतर करतात, बदलतात. म्हणजे पुण्यातल्या महादेव कोळ्यांचा अभ्यास करून गारे यांनी जे सांगितले होते, तिथवर यायला देशाच्या न्यायालयाला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

ते ऐकायला गारे नव्हते. २००६ च्या एप्रिलमध्ये ते गेले. वनहक्क कायदा त्याच वर्षी डिसेंबरात संसदेत मंजूर झाला.

तुमच्याच पेशातल्या दोन बायांचे उदाहरण देतो, म्हणजे मी शिक्षकांविरुद्ध लिहितो आहे असे कुणाला वाटायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला आल्या आणि पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना आळशी म्हटले नाही. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. खेळणी म्हणून पाने, बिया, शिंपले, दगड वापरले, कारण ती मुलांच्या ओळखीची होती. पानांचा उपयोग शाळेत असाही होतो, सर. तुमच्यापासून कोसबाड तासाभराच्या अंतरावर आहे.

म्हणून पुढच्या वर्षासाठी स्पष्ट मागतो. काळा रंग, पानांचे घागरे आणि तो खांब पुन्हा दिसता कामा नये. दिसला तर मी शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी तक्रार करणार आहे, आणि ती एकट्याची नसेल. आदिवासी नाच ठेवायचाच असेल तर कोणत्या जमातीचा ते आधी ठरवा. तारपा नाच, कांबड नाच, ढोल नाच, गौरी नाच हे निरनिराळे आहेत. ते नाचणारी माणसे तुमच्या शाळेच्या फाटकापासून रिक्षाच्या अंतरावर राहतात. मुलांना शिकवायला त्यांना आठवडाभर बोलवा. तुमच्या वर्गातल्या आदिवासी मुलांना आधी विचारा, आणि एखाद्याला नाचायचे नसेल तर त्याला निवेदन करू द्या, प्रश्नमंजूषेत बसवा, धावायला सोडा. आदिवासी आहे म्हणून नाचलेच पाहिजे असे नाही. बोहाड्याचा मुखवटा मागू नका, तो पूजेचा आहे. तारपकरी म्हणाला की तारप्याचा हंगाम संपला, आता वाजवत नाही, तर तेही ऐकून घ्या, आग्रह धरू नका. मग ढोलवाले बोलवा, किंवा धवलेरीला बोलवून तिला मुलांशी नुसते बोलू द्या. ती बोलू लागली की तुमचा कार्यक्रम आपोआप लांबेल.

तारपकरी आला तर प्रमुख पाहुण्यांच्या भाषणानंतर, सगळे उठून चालल्यावर त्याला उभे करू नका. वेळ आधी सांगा, जेवणाची सोय करा, परत जायला शेवटची बस चुकली तर राहायला जागा द्या. आणि मानधन आधी ठरवा, कबूल केलेले त्याच दिवशी हातात द्या, कारण तो दिवसाची मजुरी बुडवून येणार आहे.

आपला,
विक्रमगडकडचा एक निवृत्त वारली शिक्षक